रिकामं वजन

मानवतला, पाथरी रोडवर, जिनिंगच्या दारातच
आमचा काटा. साठ टनी.
सोळा वर्षं मी या खिडकीत बसते.
गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडते.
भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो माल.
एवढंच गणित.

मंगळवारी शेठच्या भाच्याला
कसलंसं पत्रक उघडेना,
म्हणून त्यानं कुठूनतरी फुकटातलं काहीतरी आणून
आमच्या कॉम्प्युटरात बसवलं.
पुढे. पुढे. मान्य आहे. पुढे.
मी मागं चहा गाळत होते.
त्याचं पत्रक उघडलं, तो गेला जालन्याला.
त्या पत्रकासोबत जे आले, ते राहिले.

एक हवामान सांगणारा, कोपऱ्यात ढग घेऊन बसलेला.
इथं डिसेंबरातही दुपारी खिडकीचे गज तापतात
आणि हा म्हणतो, उणे चार, हिमवर्षाव, बाहेर पडताना काळजी घ्या.
एक सफाईवाला. आल्या आल्या त्यानं दवंडी पिटली,
चौदाशे बत्तीस दोष सापडले.
मला सोळा वर्षांत दोनच सापडलेत,
एक तो माऊस, दुसरा भाचा.
दोष काढायचे तर पैसे भरा,
नाही भरले तर दर वीस मिनिटांनी घंटा.
मग दुसरा सफाईवाला उगवला.
त्यानं पहिल्यालाच दोषात धरलं,
आणि दोघांच्या भांडणात तो बिचारा डबा
डबलसीट चढ चढणाऱ्या सायकलवाल्यासारखा
धापा टाकायला लागला.
सकाळी आठला चालू केला की
साडेआठला जागा होतो.

गुरुवारी मुंजाजीची ट्रॉली चढली.
मागं अकरा गाड्या, पार नाल्याच्या पुलापर्यंत.
आकडा धरायला लागला, चार हजार सहाशे…
आणि त्याच्यावर, बरोब्बर त्याच्यावर
लाल पेटी: अभिनंदन!
बंद करायला जावं तर फुली पळते.
खोटं नाही सांगत. मुगाच्या दाण्याएवढी फुली,
माऊस जवळ नेला की डावीकडं सरकते.
बाहेर हॉर्नवर हॉर्न.

मुंजाजी उतरून खिडकीशी आला,
डोक्याचा रुमाल सोडून मान पुसत.
"ताई, आकडा काऊन येईना?"
अभिनंदन आलंय, म्हणलं. तुमचं का माझं ते कळंना.
तो वाकून बघत राहिला. बराच वेळ.
"भिंतीवर तर तुम्हीच लिहिलंय,
वजन होताना काट्यावर कुणी थांबू नये.
मला दर खेपेला खाली उतरवता.
मग ह्यांना काऊन नाही?"

मी त्या दिवशी अकरा पावत्या हातानं लिहिल्या,
बाहेरच्या लाल दिव्याच्या आकड्यावरून,
मान वाकडी करून.

संध्याकाळी तय्यब आला, पाथरीहून, मोटरसायकलवर.
एकेकाला बाहेर काढायला बसला.
जो तो जाताना विचारायचा, नक्की ना?
आम्हाला तुमची आठवण येईल.
सख्ख्या भावाचा दिवाळीला फोन नाही,
आणि ह्यांना माझी आठवण येणार.
'हो' राखाडी, बारीक, असून नसल्यासारखं.
'नाही' हिरवंगार, हरभऱ्याच्या वावरासारखं.
दोनदा माझंच बोट हिरव्यावर पडलं
आणि तय्यब काही बोलला नाही.

साडेनऊला शेवटचा गेला.
पंखा शांत झाला. मला वाटलं लाइट गेली.
पण आकडा शून्यावर येईना.
मोकळा काटा, ना गाडी ना बैल,
आणि पडद्यावर पंधरा किलो.
"आत अजून कुणीतरी दडलंय," तय्यब म्हणाला,
आणि परत बसला, चष्मा पुसून.

मी बॅटरी घेऊन बाहेर गेले.
काट्याच्या मधोमध, दिवसभराच्या तापल्या लोखंडावर
जिनिंगची कुत्री आडवी झालेली. गाभण.
बॅटरीकडं बघून तिनं शेपटी एकदा आपटली
आणि पुन्हा डोळे मिटले.

हाकलायला हात वर केला होता.
तय्यबनं आतून विचारलं, "गेलं का?"
राहू दे, म्हणलं.
आत येऊन रजिस्टर ओढलं, तारीख टाकली,
गाडी नंबरच्या जागी रेघ मारली,
आणि लिहिलं:
रिकामं वजन, पंधरा.